जुन्या स्विचच्या जागी नवा

कारखान्यातला नेटवर्क स्विच बंद पडला की स्टोअरमधून दुसरा काढायचा, डिन रेलवर बसवायचा, केबली जागच्या जागी खोचायच्या आणि सप्लाय द्यायचा, एवढेच काम वरवर पाहता दिसते. ऑफिसातल्या साध्या स्विचच्या बाबतीत ते खरेही आहे. पण पीएलसी, टर्बाइनचा गव्हर्नर, सबस्टेशनमधले रिले यांना फायबरने जोडणारा मॅनेज्ड स्विच बदलायचा असतो, तेव्हा हेच काम दोन-दोन दिवस रेंगाळते आणि घाईत उरकले तर चालता प्लान्ट ट्रिप करते. हा प्रश्न आता जागोजागी एकदम डोके वर काढतो आहे. साधारण २००० ते २०१२ या काळात उद्योगांनी सिरियल केबली सोडून इथरनेट स्वीकारले. त्या लाटेत बसवलेले स्विच आता वयाने थकले आहेत. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकतात, फायबर पोर्टमधला प्रकाश मंदावतो, आणि ते मॉडेल बनवणे कंपनीने कधीच थांबवलेले असते.

या आढाव्यात माझा भर एका गोष्टीवर आहे. जुना स्विच नेमके काय काय करत होता, हे बहुतेक ठिकाणी फक्त त्या स्विचलाच ठाऊक असते. ड्रॉइंगमध्ये पॅनेल क्रमांक, टर्मिनल, केबलचे टॅग सारे सापडते. स्विचच्या आत काय भरले आहे, ते सापडत नाही. कमिशनिंगला आलेल्या इंजिनिअरने ते स्वतःच्या लॅपटॉपवरून भरले, प्लान्ट सुरू झाला, तो पुढच्या साइटवर गेला. त्यामुळे बदली स्विच कॉन्फिगर करण्यातला मोठा भाग म्हणजे जुन्याची माहिती खणून काढणे, आणि ती तो जिवंत असतानाच काढावी लागते.

फायबर मुळात आले का, हे आपल्याकडच्या साखर कारखान्यातल्या सहवीज प्रकल्पावरून नीट कळते. मिल हाऊस, बॉयलर, पॉवर हाऊस आणि स्विचयार्ड एकमेकांपासून काही शे मीटरवर असतात. प्रत्येक ठिकाणचे अर्थिंग वेगळे, मोठ्या मोटारी सुरू-बंद होताना उठणारा विद्युत गोंगाट वेगळा, आणि पावसाळ्यापूर्वीच्या वळवात विजा पडतात त्या वेगळ्याच. तांब्याच्या केबलीतून हे सगळे उपद्रव एका इमारतीतून दुसरीत शिरतात. काचेच्या तंतूतून शिरत नाहीत. शिवाय तांब्यावरच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटरची. म्हणून इमारतींमधला कणा फायबरचा आणि पॅनेलच्या आतल्या जोडण्या तांब्याच्या, अशी रचना सर्वत्र रूढ झाली. साखर कारखान्याला एक सवलत आहे. गळीत हंगाम संपला की पुढच्या हंगामापर्यंत काही महिने हाताशी असतात आणि बदल निवांत करता येतो. रिफायनरी किंवा औष्णिक केंद्राला ही चैन नाही; तिथे मोठ्या शटडाउनची वाट पाहावी लागते, नाही तर चालत्या प्लान्टवर हात घालावा लागतो.

आता पहिली अडचण, जिच्यात कॉन्फिगरेशनचा संबंधच नाही. नवा स्विच जुन्या फायबरशी बोलतच नाही. वीस वर्षांपूर्वी टाकलेले फायबर बहुधा ६२.५ मायक्रॉन गाभ्याचे मल्टिमोड असते आणि त्यावर १०० मेगाबिटची १००बेस-एफएक्स ही पद्धत चालते. तिची तरंगलांबी १३०० नॅनोमीटर, पल्ला २ किलोमीटर. खरेदी विभाग मागवतो तो आजचा स्विच, ज्याचे फायबर पोर्ट गिगाबिटचे. मल्टिमोडसाठी त्यात १०००बेस-एसएक्सचे मॉड्यूल येते. त्याची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर, आणि ६२.५ मायक्रॉनच्या तंतूवर त्याचा पल्ला जेमतेम २२० ते २७५ मीटर. म्हणजे पलीकडचा स्विच जुनाच असेल तर वेग आणि तरंगलांबी दोन्ही जुळत नाहीत, लिंकचा दिवा लागतच नाही. तांब्यावर दोन्ही टोके आपसात वेग ठरवून घेतात. १०० मेगाबिटच्या फायबरवर तशी सोयच नाही. दोन्ही टोकांचे स्विच एकदम बदलले तरी अंतर ६०० मीटर असेल तर गिगाबिट एसएक्स चालणार नाही. मग १०० मेगाबिटचे एसएफपी मॉड्यूल स्वीकारणारा स्विच शोधावा लागतो, आणि गिगाबिटच्या खाचेत बसणारे प्रत्येक मॉड्यूल १०० मेगाबिटला चालतेच असे नाही. पर्चेस ऑर्डर काढण्यापूर्वी डेटाशीटमधली ही एक ओळ वाचली तर पुढचे अनेक फोन वाचतात.

कनेक्टरचेही तसेच. जुन्या पॅनेलमध्ये पिळून अडकवायचे एसटी कनेक्टर असतात, नव्या मॉड्यूलला छोटे एलसी लागतात. एका टोकाला एसटी आणि दुसऱ्याला एलसी असलेली पॅच कॉर्ड सहज मिळते, पण तिचा गाभा मूळ केबलइतकाच हवा. ६२.५ मधून ५० मायक्रॉनमध्ये जाताना प्रकाशाचा बराच भाग कडेने निसटतो. सिंगल मोडमध्ये गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्याही कितीतरी आत. तिथे बगॅसच्या धुळीचा एक कण लिंक पाडायला पुरतो. खोचण्यापूर्वी टोक तपासायचे आणि पुसायचे, हा नियम पाळणारे फिटर मी पाहिले आहेत. त्यांच्या लिंक वर्षानुवर्षे पडत नाहीत. याच्या उलटही घडते. चाळीस किलोमीटरसाठीचे सिंगल मोड मॉड्यूल दोनशे मीटरवर लावले तर समोरच्या रिसीव्हरवर प्रकाशाचा भडिमार होतो आणि चुका येऊ लागतात. मध्ये अटेन्युएटर घालावा लागतो. मॉड्यूलचे तापमानही पाहावे. ऑफिससाठीचे एसएफपी ० ते ७० अंशांचे असते. मार्च-एप्रिलमध्ये बॉयलरशेजारच्या बंद पॅनेलमध्ये स्विचच्या पोटातले मॉड्यूल किती तापेल, याचा अंदाज तिथल्या माणसालाच येतो.

प्रकाश पोचला की खरा प्रश्न सुरू होतो, तो रिंगचा. एक फायबर तुटले तरी काम चालू राहावे म्हणून स्विच वर्तुळात जोडतात. पण इथरनेटला वर्तुळ सोसत नाही. सर्वांसाठी पाठवलेला एक संदेश वर्तुळात शिरला की तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती होत जातात आणि काही क्षणांत सगळी लाइन भरून जाते. म्हणून वर्तुळातला एक पोर्ट मुद्दाम अडवून ठेवावा लागतो आणि फायबर तुटले तरच उघडावा लागतो. ते काम कोण आणि कसे करणार, हे ठरवणारे नियम अनेक आहेत. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत रचलेला स्पॅनिंग ट्री हा सगळ्यांचा पूर्वज. १९९० मध्ये तो प्रमाण झाला. पण सावरायला त्याला ३० ते ५० सेकंद लागत, आणि तेवढ्यात टर्बाइन ट्रिपही झालेले असते. २००१ मध्ये त्याची जलद आवृत्ती आरएसटीपी आली. औद्योगिक कंपन्यांनी मात्र स्वतःच्या रिंग पद्धती काढल्या. हिर्शमनची हायपर-रिंग, मोक्साची टर्बो रिंग अशी त्यांची नावे. पुढे हायपर-रिंगच्या धर्तीवर एमआरपी ही पद्धत आयईसी ६२४३९ या मानकात आली. तीत वर्तुळात ५० उपकरणांपर्यंत आणि सामान्यतः २०० मिलिसेकंदांच्या आत सावरण्याची हमी आहे. इथरनेट/आयपीच्या जगात डीएलआर आहे, ते ३ मिलिसेकंदांच्या आसपास सावरते.

बदली स्विच घेताना ही वंशावळ अचानक महत्त्वाची होते. मोक्साच्या टर्बो रिंगची पहिली आणि दुसरी आवृत्ती एकाच रिंगमध्ये नांदत नाहीत. एका कंपनीची खास रिंग दुसरीच्या स्विचला समजत नाही. काही नव्या मॉडेलांत जुन्या रिंगचा सदस्य होण्याची सोय असते, पण तिचा मॅनेजर होण्याची नसते. काही स्विचवर रिंगची निवड पुढच्या बाजूच्या छोट्या डिप स्विचने होते, आणि तो वर केलेला असेल तर वेब पानावरची रिंगची सेटिंग बदलताच येत नाही. लॅपटॉप घेऊन तासभर झगडणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण खरा अडसर डोळ्यांसमोर, धुळीच्या थराखाली असतो.

इथे जरा थांबून एमआरपीच्या रिंगमध्ये स्विच चुकीचा बसला तर काय होते ते पाहू. गेलेला स्विच रिंगचा मॅनेजर असेल आणि त्याच्या जागी कोरा स्विच बसवून दोन्ही फायबर लावली, तर पोर्ट अडवणारे कोणीच उरत नाही. वर्तुळ पुरे होते आणि ब्रॉडकास्टचे वादळ उठते. ही चूक तत्काळ दिसते. दुसरी चूक कितीतरी घातक आहे. गेलेला स्विच साधा सदस्य होता, त्याच्या जागी रिंगची सेटिंग न केलेला स्विच बसला. मॅनेजरच्या चाचणी फ्रेम तो मुकाट पुढे ढकलतो, मॅनेजरला रिंग शाबूत दिसते, सगळे दिवे हिरवे. काही महिन्यांनी खंदकातले फायबर घुशीने कुरतडले की मॅनेजर आपला अडवलेला पोर्ट उघडतो आणि सर्व सदस्यांना सांगतो, पत्ते विसरा, रस्ते बदलले. कोऱ्या स्विचला ही भाषा कळत नाही. कोणते उपकरण कोणत्या पोर्टकडे आहे याची जुनीच यादी तो धरून बसतो, आणि ती आपोआप पुसली जाण्याचा प्रचलित काळ ३०० सेकंदांचा असतो. जे उपकरण स्वतःहून क्वचितच बोलते, त्याच्याकडे जाणारे निरोप तोवर चुकीच्या दिशेला जात राहतात. म्हणजे ज्या प्रसंगासाठी रिंग उभारली, नेमक्या त्याच प्रसंगी ती कुचकामी ठरते. शिवाय एमआरपी रिंगच्या पोर्टवर आरएसटीपी बंद ठेवावा लागतो आणि नव्या स्विचवर तो बहुधा कारखान्यातूनच चालू असतो. दोन पंच एकाच वेळी पोर्ट अडवू-उघडू लागले की कधी कोणता रस्ता बंद होईल, हे सांगता येत नाही.

आरएसटीपीच्या जाळ्यात वेगळा फास आहे. सगळ्या स्विचची प्राधान्यसंख्या मूळची ३२७६८ असेल तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो मूळ स्विच ठरतो. कोपऱ्यातल्या पंपहाऊसमध्ये बसवलेल्या बदली स्विचचा पत्ता योगायोगाने लहान निघाला, तर सगळ्या प्लान्टची वाहतूक त्याच्या भोवताली नव्याने आखली जाते. म्हणून मधल्या दोन स्विचना प्राधान्यसंख्या हाताने कमी देऊन ठेवायची असते. किती जाळ्यांत ती दिलेली असते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

सावरण्याच्या काळाचा पीएलसीशी थेट हिशेब आहे. प्रोफिनेटमध्ये अपडेट टाइम २ मिलिसेकंद आणि सलग तीन फेऱ्या चुकल्या की संबंध तुटला असे मानायचे, ही नेहमीची मांडणी. म्हणजे ६ मिलिसेकंद; हाच वॉचडॉगचा काळ. रिंग सावरायला २०० मिलिसेकंद घेणार असेल तर तोवर पीएलसीने आयओ सोडून दिलेले असते. समजा, जुनी रिंग २० मिलिसेकंदांत सावरत होती आणि वॉचडॉग त्यावर बेतला होता. नवीन पद्धत ‘मानकानुसार’ असली तरी तेवढी चपळ नसेल तर वॉचडॉगचा आकडाही बदलावा लागतो, आणि तो पीएलसीच्या प्रोग्राममध्ये असतो, स्विचमध्ये नाही. स्विच बदलणारा आणि प्रोग्राम सांभाळणारा ही दोन माणसे वेगळी असतील तर त्यांनी एका टेबलाशी बसणे भाग आहे.

जाळ्यावरच्या वाहतुकीच्या वादळाने काय होते याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचे आहे. १९ ऑगस्ट २००६ रोजी तिथल्या तिसऱ्या अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन्ही रिसर्क्युलेशन पंप एकदम गेले आणि चालकांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. पंपांचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचे कंट्रोलर प्लान्टच्या इथरनेटवरच्या अतिरिक्त वाहतुकीने निरुत्तर झाले होते. त्याच जाळ्यावरचा, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पीएलसीही त्याच वेळी बिघडला. अमेरिकी अणुनियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये सगळ्या केंद्रांना यावर सूचनापत्रक धाडले. वाहतूक नेमकी कुठून उसळली याचा छडा पक्का लागला नाही. उपाय मात्र केला गेला: त्या कंट्रोलरांपर्यंत पोचणारी वाहतूक फायरवॉल घालून मर्यादित केली. या प्रकरणातून मला महत्त्वाचे वाटते ते हे की कंट्रोलरांवर हल्ला झाला नव्हता. नको असलेले संदेश वाचून टाकून देण्यातच त्यांची शक्ती संपली. म्हणून बदली स्विचवर प्रत्येक पोर्टला ब्रॉडकास्टची मर्यादा घालणे मी ऐच्छिक मानत नाही. जुन्या स्विचवर ती नसेल तरी नव्यावर हवी.

यापुढच्या सेटिंग इतक्या शांत असतात की त्या होत्या हे त्या गेल्यावरच कळते. आयजीएमपी स्नूपिंग घ्या. मल्टिकास्ट संदेश ज्यांनी मागितले त्यांनाच द्यायचे, यासाठी जाळ्यात कोणीतरी ठरावीक काळाने ‘कोणाला हवे?’ असे विचारत राहावे लागते. तो विचारणारा क्वेरिअर म्हणजे गेलेला स्विचच असेल आणि नव्यावर ते काम चालू केले नसेल, तर काही मिनिटांनी सदस्यत्वे मुदतबाह्य होतात आणि आयओ तुटू लागते. बदल करून, सही घेऊन माणूस गेटपर्यंत पोचलेला असतो तेव्हा कंट्रोल रूममधून फोन येतो. पोर्टचा वेग हेही असेच. जुन्या पीएलसी कार्डाला १०० मेगाबिट फुल डुप्लेक्स असे पक्के बांधलेले असेल आणि नव्या स्विचचा पोर्ट ऑटोवर असेल, तर स्विच हाफ डुप्लेक्स धरतो. लिंक लागते, पिंग जाते, आणि भार वाढला की फ्रेम गळू लागतात.

सबस्टेशनमध्ये बारकावे आणखी कडक. आयईसी ६१८५० मधले गूज संदेश आयपी वापरतच नाहीत. ते थेट इथरनेटवर मल्टिकास्टने जातात, व्हीलॅन आणि प्राधान्याचा टॅग घेऊन, आणि ट्रिपचा संदेश ३ मिलिसेकंदांत पोचावा अशी अपेक्षा असते. नव्या स्विचच्या ट्रंक पोर्टवर तो व्हीलॅन द्यायचा राहिला तर एक रिले दुसऱ्याला ‘ब्रेकर उघड’ म्हणून सांगतो आणि ते कोणालाच ऐकू जात नाही. वेळ जुळवण्यासाठी पीटीपी वापरत असतील तर स्विचने प्रत्येक संदेशाला आपल्यामुळे झालेला उशीर त्यात नोंदवावा लागतो. ही ट्रान्सपरंट क्लॉकची सोय नसलेला स्वस्त स्विच मध्ये आला की एका मायक्रोसेकंदाची अचूकता गेली. पीआरपीच्या जाळ्यात, जिथे दोन स्वतंत्र लॅनवरून एकच संदेश दोनदा जातो, प्रत्येक फ्रेमला ६ बाइटचे शेपूट जोडलेले असते. नेहमीच्या कमाल लांबीपेक्षा मोठी फ्रेम नाकारणारा स्विच लहान संदेश बिनतक्रार नेतो आणि पूर्ण भरलेली फ्रेम तेवढी टाकून देतो. असा दोष शोधायला आठवडे जातात. तरीही जिथे एक स्विच काढताना दुसरी लॅन सगळा भार वाहते, त्या पीआरपीत बदलीचे काम सर्वांत निर्धास्त होते, हे कबूल करायला हवे.

मग जुन्याकडून माहिती मिळवायची कशी? स्विच चालू असेल तर पहिले काम कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेणे. हे बोलायला सोपे आहे. २००८ च्या सुमाराचे अनेक स्विच आपले वेब पान जावा ॲप्लेटमधून दाखवत. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अशा प्लगइनांना दार बंद केले. म्हणून अनेक मेंटेनन्स विभागांत एक जुना लॅपटॉप जिवापाड जपलेला असतो, इंटरनेटपासून तोडलेला, जुन्या जावासकट. तो हवाच. नाहीतर सिरियल कन्सोलची केबल, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर पुढचे मार्ग आणखी अवघड, कारण पासवर्ड पुसण्याच्या प्रयत्नात कॉन्फिगरेशनही पुसले जाण्याची भीती असते.

फाइल मिळाली तरी एक धोका राहतो. चालू कॉन्फिगरेशन आणि साठवलेले कॉन्फिगरेशन वेगळे असू शकतात. कोणीतरी पाच वर्षांपूर्वी एक व्हीलॅन वाढवला, काम झाले, सेव्ह करायचे राहिले. स्विच तेव्हापासून बंदच झालेला नाही, म्हणून कोणाला पत्ता नाही. अशा वेळी आधी चालू आवृत्ती वाचून घ्यायची. फाइलबरोबरच मॅक पत्त्यांची यादी, एलएलडीपीने दाखवलेले शेजारी, प्रत्येक पोर्टचा वेग आणि चुकांचे आकडे, फायबरवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी हेही टिपून ठेवावे. प्रत्येक केबल कोणत्या पोर्टात आहे त्याचे फोटो काढावेत. नव्या मालिकेच्या स्विचमध्ये जुनी फाइल क्वचितच जशीच्या तशी चढते. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही चढत नाही. त्यामुळे ती वाचून, समजून, हाताने नव्या भाषेत भरावी लागते. या कामाला अर्धा दिवस द्यावा. जो विभाग तो आधीच देतो, त्याचा रात्रीचा शटडाउन वाढत नाही.

स्विच पूर्ण मेलेला असेल आणि बॅकअप नसेल, तर शेजाऱ्यांकडून अनुमान काढावे लागते. रिंगमधल्या पुढच्या-मागच्या स्विचवर कोणती पद्धत आहे, मॅनेजर कोण, व्हीलॅन कोणते, पीएलसीच्या हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये त्या स्विचचे प्रोफिनेट नाव होते का, स्काडाला त्याचा आयपी पत्ता माहीत आहे का. प्रोफिनेटमध्ये स्विच स्वतःच एक उपकरण म्हणून नोंदलेला असेल तर दुसऱ्या कंपनीचा स्विच लावताच पीएलसीवर बसफॉल्टचा लाल दिवा लागतो आणि प्रोग्राम उघडावाच लागतो.

ही सगळी धडपड वाचावी म्हणून उत्पादकांनी सोयी केल्या आहेत. सीमेन्सचा सी-प्लग, हिर्शमनचा एसीए, मोक्साचा एबीसी ही खिशात मावणारी साधने कॉन्फिगरेशन साठवतात. जुन्यातून काढून नव्याला लावली की नवा तेच रूप घेतो. मध्यरात्रीच्या पाळीतल्या इलेक्ट्रिशियनलाही हे जमते, आणि माझ्या मते कोणत्याही मध्यम प्लान्टसाठी पैशाचा याहून चांगला उपयोग नाही. अट एवढीच की बदली स्विच त्याच मालिकेचा हवा, आणि प्रत्येक बदलानंतर प्लगवरची प्रत ताजी केलेली हवी. प्रोफिनेटमध्ये शेजारी ओळखून उपकरणाला आपोआप नाव देण्याची सोय आहे. तिला कोरे उपकरण लागते, त्यामुळे दुसरीकडे वापरून परत आलेला स्पेअर आधी फॅक्टरी रिसेट करावा लागतो. डीएचसीपीचा ऑप्शन ८२ पोर्टवरून पत्ता ठरवतो. मोठ्या प्लान्टमध्ये मध्यवर्ती सॉफ्टवेअर रोजच्या रोज सगळ्या स्विचच्या प्रती घेते. सबस्टेशनांसाठी अमेरिकेच्या एसईएल कंपनीने वेगळाच मार्ग धरला आहे: प्रत्येक संदेशाचा मुख्य आणि पर्यायी रस्ता आधीच लिहून ठेवायचा आणि न लिहिलेले काहीही जाऊ द्यायचे नाही. अशा जाळ्यात स्विच काय करतो याची नोंद आधीपासूनच एका जागी असते. त्याची किंमत म्हणजे सुरुवातीचे डिझाइन फार काटेकोर करावे लागते. साध्या, अनमॅनेज्ड स्विचने भागवावे असेही काही जण सुचवतात. पॅनेलच्या आत चार उपकरणांपुरते ते ठीक. फायबरच्या कण्यावर मला ते मान्य नाही.

सुरक्षेचा विचार बदलीच्या दिवशीच करावा लागतो, कारण नंतर तो कोणी करत नाही. एप्रिल २०१२ मध्ये जस्टिन क्लार्क या संशोधकाने उघड केले की रगेडकॉम या कॅनडातल्या कंपनीच्या स्विचमध्ये ‘फॅक्टरी’ नावाचे छुपे खाते आहे. त्याचा पासवर्ड मॅक पत्त्यावरून काढता येत होता, आणि तो पत्ता लॉगिनच्या पानावरच छापलेला असे. हे स्विच वीज आणि रेल्वेच्या जाळ्यांत जगभर बसलेले होते. त्या काळातला फर्मवेअर असलेला स्पेअर आजही एखाद्या स्टोअरच्या फळीवर असू शकतो, म्हणून बसवण्यापूर्वी फर्मवेअर पाहावाच. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तेव्हा हल्लेखोरांनी सबस्टेशनांतल्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरांचा फर्मवेअरच बिघडवला. वीज काही तासांत हाताने परत आली, पण ती उपकरणे सावरली नाहीत, बदलावी लागली. अनेक ठिकाणची बदली यंत्रे एकदम कॉन्फिगर करण्याची वेळ येऊ शकते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता मांडली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. विश्वासार्ह स्रोताकडून खरेदी हा त्यांतला एक भाग आहे. युरोपच्या सायबर रेझिलिअन्स कायद्याची मुख्य कलमे ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि उत्पादकांना सुरक्षा अपडेट साधारण किमान पाच वर्षे द्यावे लागतील. तिथून येणाऱ्या स्विचबाबत त्याचा फायदा आपल्यालाही मिळेल. काढलेल्या जुन्या स्विचची विल्हेवाटही याच खात्यातली. ईसेट कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातून घेतलेले राउटर तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकाची गोपनीय माहिती तशीच होती. भंगारात टाकण्यापूर्वी स्विच पुसावा आणि त्याचा प्लगही काढून घ्यावा.

प्रत्यक्ष बदलीच्या वेळचा क्रम अनुभवी लोकांत जवळपास सारखाच आढळतो. स्विच टेबलावर पूर्ण कॉन्फिगर करायचा, सेव्ह करायचा, एकदा सप्लाय काढून पुन्हा देऊन तो तसाच उठतो का पाहायचे. पॅनेलमध्ये बसवताना रिंगचे एकच फायबर लावायचे. शेजारी दिसले, नव्या स्विचवर रिंगची सेटिंग चालू असल्याची खात्री झाली, की मगच दुसरे. त्यानंतर फॉल्ट रिलेच्या दोन वायर, ज्या हमखास विसरल्या जातात. हिरव्या टर्मिनल ब्लॉकवर दोन २४ व्होल्ट सप्लायच्या शेजारी हा संपर्क असतो आणि अनेक स्विचचे असे संपर्क ओळीत जोडून कंट्रोल रूममध्ये एकच अलार्म नेलेला असतो. नव्या स्विचला दोन सप्लाय अपेक्षित आहेत आणि पॅनेलमध्ये एकच आहे, तर रिले कायमचा पडलेला राहतो. मग कोणीतरी तो अलार्म दाबून टाकतो आणि पुढे दुसऱ्या एखाद्या स्विचचा सप्लाय खरोखर जातो तेव्हा कोणालाच कळत नाही. अपेक्षित सप्लायची संख्या सेटिंगमध्ये बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्याहून चांगले म्हणजे दुसरा सप्लाय द्यावा.

शेवटी शटडाउनमध्येच, पीएलसी चालू ठेवून, रिंगचे एक फायबर उपटून पाहायचे आणि आयओ टिकते का ते बघायचे. मग ते लावून दुसऱ्या बाजूचे. ही चाचणी बहुतेक टेंडरांत लिहिलेली नसते. माझ्या मते खरेदीच्या अटींत तीन गोष्टी पुरवठ्याचा भाग म्हणून घालाव्यात: चालू कॉन्फिगरेशनची फाइल, बसवलेल्या फर्मवेअरची प्रत, आणि रिंग तोडून घेतलेल्या या चाचणीचा सहीचा अहवाल, ज्यात प्रत्येक फायबरवर मोजलेली प्रकाशाची पातळी नोंदलेली असेल. तिन्ही पॅनेलच्या ड्रॉइंगबरोबर, त्याच आवृत्ती क्रमांकाने ठेवावीत, आणि ती हाती आल्याखेरीज शेवटचे बिल पास करू नये.